पांगाऱ्यावरचा कोनफळाचा वेल

मी कोनफळाचा वेल बोलतोय. बोलायची मला फारशी सवय नाही. वर्षातले चार-पाच महिने मी राखेच्या टोपलीत गप्प पडून असतो आणि उरलेले वर चढण्यात जातात. पण गेल्या आषाढात आमच्या करंजवाडीवर जे झालं ते माझ्याइतक्या जवळून कुणी पाहिलेलं नाही. ते सांगायचं तर पांगाऱ्याचंही सांगायला हवं, कारण पंचेचाळीस वर्षं मी त्याच्या अंगाखांद्यावर वाढलो.

तुम्ही मला बाजारात पाहिलं असेल. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी रताळ्यांच्या ढिगाशेजारी मी असतो. वरून मातकट, केसाळ, कुठूनही कसाही वाढलेला. गिऱ्हाईक रताळं निवडून घेतं आणि माझ्याकडं बघून विचारतं, "हे काय असतं हो?" मला कापलं की आतून मी जांभळा निघतो. उकडून मीठ लावलं की भुकेल्या माणसाचं पोट दोन फोडींत भरतं. एवढंच माझं गुणवर्णन.

माझा जन्म नेमका कधी झाला ते मला सांगता येणार नाही. दरवर्षी माझं डोकं कापून बाजूला ठेवतात, बाकीचा मी खाल्ला जातो, आणि त्या डोक्यापासून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पण करंजवाडीत मी कधी आलो ते पक्कं ठाऊक आहे. साळुबाई लग्न होऊन आली त्या दिवशी.

साळुबाईचं माहेर घाटाखाली, कर्जतच्या अंगाला. वरात कसली, पंधरा माणसं कडा चढून वर आली. निघताना तिच्या आईनं तिच्या गाठोड्यात एक लुगडं, एक आरसा आणि मला घातलं. "वर थंडी लई असती म्हणत्यात," आई म्हणाली होती, "ह्ये लाव दाराम्होरं. उपासाला तरी पोटभर खाशील." अठरा वर्षांची साळुबाई वाटेत दोनदा रडली. दोन्ही वेळा तिनं गाठोडं पोटाशी धरलं होतं, म्हणून मला ते माहीत आहे.

तळेघरच्या पुढं भीमाशंकरच्या रस्त्यावरून एक वाट डोंगराकडं वळते. तिथं उतारावर अकरा घरं होती. तीच करंजवाडी. भात, नाचणी, थोड्या शेळ्या. साळुबाईच्या घराच्या मागं उतार लगेच उभा होत जायचा आणि तिथंच पांगारा होता. मी आलो तेव्हाच तो घराच्या कौलांपेक्षा उंच होता. साळुबाईनं मला कुठं लावावं म्हणून खुरपं घेऊन दोन दिवस परसात फेऱ्या मारल्या. शेवटी तिचा नवरा, सावळाराम, अंगणातूनच म्हणाला, "पांगाऱ्यावर सोड की. उभाच हाय त्यो रिकामा."

सावळाराम कमी बोलणारा माणूस. लग्नानंतर बायकोशी तो मोकळेपणानं बोलला तो हा पहिला विषय, असं साळुबाई पुढं सांगायची.

तिनं मला पांगाऱ्याच्या बुंध्यापासून दोन हात वर, उताराच्या चढाकडच्या बाजूला लावलं. मुळं एकमेकांत अडकू नयेत म्हणून. माझा कोंब बाहेर आला की ती तो हळूच वळवून बुंध्यावर टेकवायची. तिथून पुढं मला कुणाची गरज नसे. पांगाऱ्याला अंगभर काटे. माणसं त्या काट्यांना नावं ठेवतात, पण मला त्यांच्याइतका आधार कशाचाच झाला नाही. प्रत्येक काट्यावर पाय ठेवत मी शेंड्यापर्यंत जायचो.

पावसाळाभर आम्ही दोघं हिरवे. त्याची तीन-तीन पानं, माझं एकेक बदामासारखं पान. दुरून बघणाऱ्याला कुणाचं पान कुणाचं ते कळायचं नाही. दिवाळीनंतर मी पिवळा पडायचो, वाळायचो. पौषात साळुबाई मला खणून काढायची. मोठ्या लेकराच्या डोक्याएवढं कोनफळ निघायचं, कधी दोन. माझं डोकं कापून, कापल्या जागी राख चोळून ती मला टोपलीत घालायची आणि टोपली घरात कोपऱ्याला.

आणि मग बाहेर पांगाऱ्याचा महिना यायचा.

टोपलीतून मला दिसायचं काहीच नाही, पण ऐकू सगळं यायचं. आधी साळुंक्या. मग कोतवाल, बुलबुल, आणखी कोण कोण. सकाळी इतका गलका की घरातल्या माणसांना मोठ्यानं बोलावं लागे. वाडीवर आलेला पाव्हणा आधी मागच्या दाराला जाऊन "काय फुललाय राव!" म्हणायचा आणि मग चहाला बसायचा. सावळाराम तर फाल्गुनात रोज सकाळी राखुंडी घेऊन पांगाऱ्यासमोरच्या दगडावर बसे. दात घासून झाले तरी उठत नसे. साळुबाई आतून ओरडायची, "आवं, फुलं मोजताय का काय?"

खरं सांगतो, मला हेवा वाटायचा. पोट मी भरतो आणि कौतुक त्याचं. लाकूड म्हणाल तर त्याचं इतकं हलकं की चुलीत धड जळत नाही. शेळ्या पाला खातात एवढाच उपयोग. राखेत पडल्या पडल्या मी असले हिशेब करायचो. त्याच्याच काट्यांना धरून मी वर जातो, हे तेव्हा माझ्या लक्षात राहत नसे.

सहा वर्षांपूर्वी सावळाराम गेला. फाल्गुन नव्हता, मार्गशीर्ष होता, झाड हिरवं होतं. त्यानंतर साळुबाईनं पांगाऱ्याबद्दल चांगलं वाईट काहीच बोलायचं सोडलं. फक्त तो दगड ती रोज झाडायची.

मुलगा सोपान चाकणला कंपनीत. शनिवारी रात्रीच्या गाडीनं यायचा, सोमवारी पहाटे जायचा. घरात उरल्या साळुबाई आणि तिची सून नूतन. नूतन आळे गावची. सपाट काळी जमीन, पाटाचं पाणी, टोमॅटो, कांदा, दिवसभर बसगाड्या. तिथून ती इथं डोंगरात आली. पण रडत बसणाऱ्यातली नव्हती. वर्षभरात ती वाडीची आशा सेविका झाली. अकरा घरांत कुणाला ताप, कुणाचं लसीकरण, कुणाचे दिवस भरलेत, सगळं तिला तोंडपाठ. चढउतार करून करून तिच्या चपला दर तीन महिन्यांनी तुटायच्या.

नूतनला पांगारा जिवापाड आवडायचा आणि मी अजिबात नाही. मला सोलताना तिचे हात खाजायचे.

"आत्या, ह्याच्यात काय ठेवलंय?" ती म्हणायची. "बघायला ढेकूळ, सोलायला खाज. आमच्याकडं रताळी किती गोड असतात."

"पयलं हाताला चिच लाव, मंग सोल. न्हाई खाजत," साळुबाई म्हणायची.

"त्यापेक्षा लावायचंच कशाला? पांगाऱ्याला बिचाऱ्याला नुसता गळफास बसतो. फुलं बघा त्याची, जीव हरखतो."

"फुलं उकडून खा मंग शिवरात्रीला."

दोघी असं भांडायच्या आणि मग एकाच ताटात नाचणीची भाकरी मोडायच्या. सासूनं सुनेसाठी रताळ्याचे वेल लावायचा घाट दोनदा घातला, दोन्ही वेळा रानडुकरांनी ते उकरून खाल्ले. मी काट्यांत आणि दगडांत असल्यामुळे माझ्या वाटेला डुकरं गेली नाहीत.

आता गेल्या आषाढाचं सांगतो.

पाऊस आमच्या डोंगराला नवा नाही. पण तेव्हाचा थांबेचना. चार दिवस नि चार रात्री. माझ्या पानांवर थेंब पडायचे नाहीत, धारच लागलेली. जमीन इतकं पाणी प्याली की माझी मुळं मातीत नसून लापशीत आहेत असं वाटायचं. चौथ्या दिवशी नूतनच्या फोनवर निरोप आला. उतारावरच्या वाड्यांनी तळेघरच्या शाळेत येऊन राहावं, खोल्या उघडून ठेवल्यात.

नूतन इरलं घेऊन घरोघर फिरली. दुपारी सगळी बाळासाहेबांच्या पडवीत जमली. बाळासाहेब शेजारचे, आमच्या परसाला लागूनच त्यांचा गोठा. वाडीत त्यांचा शब्द चालायचा.

"दरसाली पडतोय पाऊस," बाळासाहेब म्हणाले. "दरसाली निरोप येतो. म्हशी कुठं नेऊ मी? शाळंत बाकावर बसवू?"

लोक हसले. नूतन हसली नाही. "भाऊ, म्हशींचं बघू. शाळेमागं शेड आहे. माणसं तर चला. दोन म्हाताऱ्या, तीन तान्ही मुलं आहेत वाडीत. काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"काय झालं तर! पन्नास वर्सं हितं ऱ्हातोय मी."

नूतननं सासूकडं पाहिलं. तिला वाटलं, घरचं माणूस तरी आपल्या बाजूनं बोलेल. साळुबाई खाली मान घालून म्हणाली, "मी बी न्हाई येत. तू जा वाडीतल्या लेकरांना घिऊन. मी घर सोडून जायची न्हाई."

झालं. सभा मोडली. घरी येऊन नूतन भिजल्या अंगानं मागच्या दारात बसली आणि पहिल्यांदाच माझ्या कानावर तिचं रडणं आलं. "कोण ऐकतं आपलं," ती स्वतःशीच म्हणत होती. साळुबाई आत चुलीपाशी. ती बाहेर आली नाही, पण चहाची कपबशी उंबऱ्यावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुबाई नेहमीसारखी परसात आली. पाऊस असो नसो, माझे भरकटलेले शेंडे बुंध्यावर टेकवायला ती रोज यायचीच. आणि ती थबकली.

माझं खोड जमिनीतून निघून तिरपं पांगाऱ्याकडं जायचं ते नेहमी सैल असायचं. त्याच्याखालून कोंबडी जायची, इतकं सैल. त्या सकाळी ते तारेसारखं ताणलेलं होतं. रात्रभर मला ओढ लागली होती. माझं मूळ एका बाजूला आणि पांगारा दुसऱ्या बाजूला चालला होता. मला ते कळत होतं. ओरडायला तोंड असतं तर मी अख्खी वाडी उठवली असती.

साळुबाईनं खोडाला बोट लावलं. मग वर झाडाकडं पाहिलं. पांगारा सरळ उभा होता, एक फांदीही मोडलेली नव्हती. मग तिनं खाली वाकून पालापाचोळा बाजूला केला. माझ्या आणि पांगाऱ्याच्या मध्ये जमिनीला भेग होती. बोटभर रुंद. तिनं हातातली काठी भेगेत घातली. काठी गेली. मूठ जमिनीला टेकली तरी तळ लागला नाही. भेग घराच्या मागून, वळत वळत, बाळासाहेबांच्या गोठ्याकडं गेली होती.

"नूतन!" साळुबाईनं अशी हाक मारली की नूतन पिठाच्या हातांनी धावत आली.

"काल ह्याच्याखालनं कोंबडी जात व्हती," साळुबाई म्हणाली. "ह्यो बघ. जिमीन फाटलीया. झाड चाललंय आपलं."

नूतन वाकली आणि भेगेच्या कडेकडेनं गोठ्यापर्यंत बघत गेली.

पुढं साळुबाईनं एकही शब्द वाया घालवला नाही. ती बाळासाहेबांच्या पडवीत गेली, चहा पिणाऱ्या बाळासाहेबांच्या मनगटाला धरलं आणि त्यांना परसात आणलं. वाडीतल्या बाईनं त्यांना असं धरून कधी आणलं नसेल. काठी त्यांच्या हातात दिली. "घाला."

बाळासाहेबांनी काठी घातली. ती गोठ्याच्या भिंतीपाशीही गेली, तशीच, सगळीच्या सगळी. त्यांनी काठी बाहेर ओढली. मग नूतनकडं वळून म्हणाले, "म्हशींची शेड म्हनालीस ती कुठं?"

नूतन घरोघर पळाली. तासाभरात वाडी निघाली. कुणी डबे घेतले, कुणी कागदपत्रांची पिशवी, कुणी देव. एका म्हातारीला पाटीत बसवून चौघांनी उचललं. म्हशी पुढं, शेळ्या मागं. नूतन सगळ्यात शेवटी उभी राहून माणसं मोजत होती. एक्केचाळीस. वाडीत बेचाळीस माणसं. एक कमी पडत होतं.

ते एक माणूस परसात माझ्यापाशी उभं होतं, हातात विळा घेऊन.

मला खणून न्यावं असं तिच्या मनात आलं असणार. पण आषाढात माझ्याखाली काही नसतं. जुना तुकडा कुजलेला, नवा कंद सुपारीएवढा. तो काढला तर मेलोच. आणि ठेवला तर पांगारा जाताना मला मुळासकट ओढून नेणार. साळुबाईनं दोन्हीचा विचार केला असावा, कारण ती थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं माझं ताणलेलं खोड डाव्या हातात धरलं आणि जमिनीपासून वीतभर वर विळ्यानं कापलं.

टण्णकन आवाज झाला. माझं सगळं हिरवं अंग, सगळी पानं, शेंड्यापर्यंतची पंचवीस हात वाट त्याच्याकडं राहिली. मी जमिनीत राहिलो.

साळुबाईनं पांगाऱ्याच्या बुंध्यावर, काटे चुकवून, तळवा टेकवला. "येते," एवढंच म्हणाली. नूतननं हाक मारली तेव्हा ती वाटेला लागली होती.

डोंगर दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला.

आवाज नंतर आला, आधी वास आला. जमिनीच्या खूप आतला, कधी उन्ह न लागलेल्या मातीचा वास. भेगेच्या खालची सगळी बाजू एकदम हलली. पांगारा उभ्यानंच गेला. माणूस उतारावरून टाचा रोवत उतरतो तसा तो उभाच्या उभा पंधरा-वीस हात खाली गेला, माझी पानं अंगावर घेऊन. मग त्याचा तोल गेला. घर त्याच्याआधीच बसलं होतं. बाळासाहेबांचा गोठा गेला, पलीकडची दोन घरं गेली. पाच-सात मिनिटांत सगळं शांत झालं आणि त्या शांततेत पाऊस पडतच होता. मी भेगेच्या काठावर होतो. माझ्यापुढं दोन बोटं जमीन आणि त्यापुढं काही नाही.

घरं गेली, पण माणूस एकही गेलं नाही. बेचाळीसच्या बेचाळीस शाळेत होती. शाळेत बातमी आली तेव्हा सगळी आपापल्या घराबद्दल विचारू लागली. साळुबाईनं विचारलं, "पांगारा?" हे मला नंतर नूतनच्या बोलण्यातून कळलं.

मी पुन्हा फुटलो. कापल्या जागेखालून एक कोंब आला, त्याला सात पानं आली. चढायला काही नव्हतं, म्हणून मी जमिनीवरच पसरलो. दोन-तीन वेळा शेंडा वर उचलून पाहिला, सवयीनं. हवेत काहीच लागलं नाही. इतकी वर्षं ज्याचा हेवा केला तो नसला की किती पोकळ वाटतं, ते मला त्या चार महिन्यांत कळलं. दिवाळीनंतर मी वाळलो आणि पौष आला तरी खणायला कोणी आलं नाही. वाडीवर जायला बंदी होती.

माघात, शिवरात्रीच्या दोन दिवस आधी, माझ्यावर पावलं वाजली. बंदी उठली होती. साळुबाई, नूतन आणि खांद्यावर पहार घेतलेला सोपान.

"आई, काय राहिलंय इथं?" सोपान म्हणत होता. "कोनफळच पायजे तर मंचरहून आणतो की."

"तू गप. हितंच कुठंतरी हाय त्यो."

पण तिला जागा सापडेना. खुणेला काही उरलंच नव्हतं. घर नाही, दगड नाही, झाड नाही. साळुबाई जमिनीवर नजर लावून काठावरून इकडं तिकडं फिरली आणि हरल्यासारखी उभी राहिली. मला शोधून काढलं नूतननं. वाळलेल्या गवतात माझा दोऱ्याएवढा वाळका वेल तिला दिसला. तिनं तो चिमटीत धरला, त्याच्या मागं मागं गुडघ्यावर सरकत आली, आणि सोपानला म्हणाली, "पहार नको. तुटेल." तिनं हातांनीच उकरायला सुरुवात केली. नखांत माती गेली, हात खाजले असणार. थांबली नाही.

मी मुठीएवढाच निघालो. नूतननं मला पदराला पुसलं आणि दोन्ही हातांत धरून सासूला दाखवलं. "आत्या, आहे. बारका आहे, पण आहे."

तिच्या ओंजळीत मी वर आलो आणि खाली दरीकडं पाहिलं. मातीच्या, दगडांच्या, मोडक्या वाशांच्या त्या ढिगाऱ्यात काहीतरी लालभडक होतं.

तो पांगारा होता. आडवा पडलेला. निम्मी मुळं उघडी, निम्मी मातीत. एकही पान नाही, आणि वरच्या बाजूच्या एकूण एक फांदीला फुलं. साळुंक्यांचा तोच गलका. पंचेचाळीस वर्षं त्याच्यासोबत काढली, पण त्याची फुलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तो फुलायचा तेव्हा मी राखेत असायचो ना. लोक काय बघायला मागच्या दाराला यायचे, सावळाराम दात घासून झाल्यावर का उठत नसे, ते कळलं. मनातल्या मनात मी त्याची माफी मागितली. त्याला ऐकू गेलं का ते माहीत नाही.

साळुबाईचीही नजर आता खाली गेली आणि ती तिथंच बसली. घर गेलं, भांडी गेली, कणगीतलं भात गेलं तेव्हा ती रडली नव्हती. आता तिनं तोंडाला पदर लावला. "त्यांनी बघाया पायजे व्हतं," ती म्हणाली. "पडून बी फुललाय."

सोपानला काय करावं कळेना. नूतन तिच्याजवळ बसली, थोडा वेळ तिला रडू दिलं. मग म्हणाली, "आत्या, ह्याची फांदी न्यायची. पांगारा फांदीवर येतो. आमच्या आळ्यात बांधाला असाच लावतात, फांद्या रोवून."

"येतो?"

"येतो म्हणजे! नको म्हटलं तरी येतो."

साळुबाईनं नाक पुसलं. "मंग बघत काय बसलीस? सोपान, उतर खाली. फूल न्हाई ती फांदी बघ, मनगटाएवढी."

सोपाननं तीन फांद्या तोडल्या. एक त्यानं खांद्यावर घेतली, एक नूतननं, आणि नको नको म्हणत असताना एक साळुबाईनं. मी नूतनच्या ओटीत.

आता आम्ही रस्त्यालगतच्या माळावर राहतो. जमीन सपाट आहे. सध्या पत्र्याच्या खोल्या आहेत. पक्क्या घरांचे पाये खणून झालेत, तीन घरांच्या भिंतीही वर आल्यात. बस दारावरून जाते, त्यामुळे नूतनच्या चपला जरा जास्त टिकतात. बाळासाहेब अजून सगळ्यांना सांगतात की भेग आधी त्यांनाच दिसली होती. साळुबाई त्यांना खोटं पाडत नाही. आता त्यांच्या दारात बैठक बसली की ते आधी विचारतात, "नूतनबाय काय म्हनती?"

त्या शिवरात्रीला घरात रताळी उकडली. साळुबाईनं खाल्ली, "ग्वाड हायती," म्हणाली, आणि दुसरं मागितलं नाही. मला कुणी हात लावला नाही. वैशाखाच्या शेवटी नूतननं मला पाटावर घेतलं, हाताला चिंच चोळली आणि सासूला विचारलं, "किती तुकडे होतील?"

"चार. डोळा बघून काप." डोळा म्हणजे माझा कोंब फुटतो ती जागा.

पहिला तुकडा दारात. दुसरा बाळासाहेबांना, त्यांनी तो म्हशीच्या जुन्या घमेल्यात लावून रोज दोनदा पाणी घालून जवळजवळ कुजवला होता. तिसरा, ज्या म्हातारीला पाटीतून आणलं तिला. चौथा सोपान चाकणला घेऊन गेला. तिथं त्याच्या खोलीच्या गच्चीत रंगाच्या रिकाम्या डब्यात मी आहे म्हणे. म्हणजे मी आता चार ठिकाणी आहे. सवय व्हायला वेळ लागेल.

पांगाऱ्याच्या तीन फांद्यांपैकी दोन उन्हात वाळून गेल्या. नूतन त्यांना भांडी धुतलेलं पाणी घालत राहिली, शेवटी तिनंच त्या उपटल्या. तिसरी फुटली. आज तिला अकरा पानं आहेत आणि ती नूतनच्या कमरेइतकी आहे.

मी तिच्यापासून दोन हातांवर आहे. माझा कोंब वर आलाय. परवा साळुबाईनं तो सवयीनं पांगाऱ्याकडं वळवला. नूतननं तिचा हात धरला. "आत्या, नको. अजून लेकरू आहे ते. ह्याचं वजन नाही पेलायचं." आणि तिनं माझ्याशेजारी बांबू रोवला, चांगला जाड.

साळुबाई मला बांबूवर टेकवून गेली. बांबू गुळगुळीत आहे, पाय ठरत नाही, पण मी जमवीन. शेजारच्या त्या अकरा पानांवर दुपारचं ऊन फार पडतं. थोडा उंच झालो की माझी सावली तिकडं जाईल, असं मी पाहून ठेवलंय.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर साळुबाईच्या दारात थांबा. तुमच्या अंगणात हातभर माती असली तर ती तुम्हाला माझा एक तुकडा देईल, नाही म्हणणार नाही. सोलताना हाताला चिंच लावा. लावताना माझा डोळा आभाळाकडं ठेवा. पुढचं माझं मी बघतो.